शनिवार-रविवार एक माणूस फुकट

४ मार्च, बुधवार

डॉक्टर फेल्टमान म्हणाले, "रोज चार ओळी लिहीत जा, रेघांच्या कागदावर. रेघ मधेच वाकलेली दिसली तर लगेच माझ्याकडे या." म्हणून ही वही आणि हे जाड टोकाचं पेन. रेघा अजून सरळ आहेत. नुसत्या उजव्या डोळ्याने पाहिलं तर मधल्या ओळींना जरा पोक येतो, पण उजवा डोळा पहिल्यापासूनच आळशी. डॉक्टरांनी आणखी एक कागद दिला होता, कुठल्याशा सरकारी कचेरीचा. तो तिथेच बाकावर विसरले. मुद्दाम नाही.

गाडी आज गेली. मार्टेन घेऊन गेला. गाडी, छतावरची 'ओनकेन ड्रायव्हिंग स्कूल'ची पाटी, अर्धवट शिकलेली पोरं, सगळंच. त्यालाही मीच शिकवलं होतं. म्हणाला, "बाई, कुठे जायचं असेल तर फोन करा, मी सोडीन."

"आधी दुसऱ्या गियरमध्ये वळायला शीक," मी म्हटलं.

हसला बिचारा. कोपऱ्यावर त्याने वळण जरा घाईने घेतलं आणि इथे खिडकीत माझा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. एकतीस वर्षं शिकवणाऱ्याच्या सीटवर बसल्यावर पायाला वळण लागतं, त्याला काय करणार.

उद्यापासून ट्राम.

६ मार्च, शुक्रवार

इतकी वर्षं ट्राम म्हणजे मला फक्त 'डावीकडून येणारा धोका' होता. आत कसं बसतात, हे कधी पाहिलंच नव्हतं. तिकिटाच्या यंत्रावर अक्षरं बारीक, आणि कितीतरी प्रकारची तिकिटं. मागे रांग. घाईत दिवसभराचं तिकीट निघालं.

मासळीबाजाराला कुठली ट्राम जाते ते जिला विचारलं होतं, ती मागची बाई म्हणाली, "अहो, मासळी आणायला निघालात ना? मग हे कशाला घेतलंत? पैसे उतू चाललेत का?"

"मला बरीच कामं आहेत," मी म्हटलं.

एकही नव्हतं. पण घेतलेलं तिकीट वाया घालवणं माझ्याने होत नाही. मासळी घेतली आणि ती पिशवी घेऊन अंधार पडेपर्यंत फिरले. ब्रेमेनची सगळी टोकं पाहिली: ग्र्योपेलिंगेन, झेबाल्ड्सब्र्युक, पुन्हा शहराच्या मध्यात, मग हुख्टिंग. चालक बहुतेक ठीक आहेत. एक जण फार उशिरा ब्रेक लावतो.

शेजारची जागा रिकामी होती. चालत्या गाडीत माझ्या शेजारची जागा कधी रिकामी नसायची. कुणी ना कुणी घामाघूम होऊन स्टिअरिंग धरलेलं असायचं. शेवटी मी तिथे मासळीची पिशवी ठेवली.

९ मार्च, सोमवार

दरपत्रक आणलं. भिंग घेऊन टेबलापाशी बसले. प्रकरण वाटतं तितकं अवघड नाही. सुटं तिकीट सगळ्यात महाग. चार फेऱ्यांचं एकत्र घेतलं तर थोडी सूट. त्यानंतर महिन्याचा पास, सकाळी नऊनंतरच चालणारा. त्यावर आपलं नाव आणि फोटो, दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आणि शेवटी मोठा पास. तो कुणीही वापरावा, कधीही वापरावा. शिवाय संध्याकाळी सातनंतर, आणि शनिवार-रविवार दिवसभर, बरोबर एक मोठं माणूस फुकट.

मला सकाळी नऊच्या आत कुठे जायचं नसतं. मंगळवारी पोहणं, गुरुवारी बाजार, महिन्यातून एकदा डोळे. नऊनंतरचा पास सगळ्यात स्वस्त. यात विचार करण्यासारखं काही नाही.

१० मार्च, मंगळवार

पासाच्या कचेरीत खिडकीतली बाई चटपटीत होती. बोलता बोलता शिक्के मारत होती.

"नऊनंतरचा पास," मी म्हटलं.

"एकट्याच असता?"

प्रश्न तिकिटाबद्दल होता, हे मला कळत होतं. माझ्या मागे एक जोडपं उभं होतं आणि त्यांचं बोलणं नेमकं तेव्हाच थांबलं.

"छे," मी म्हटलं. "शनिवार-रविवार मैत्रीण असते बरोबर."

"मग हा मोठा घ्या की! बारा युरो जास्त, पण मैत्रिणीची सुटी तिकिटं धरलीत तर दोन शनिवारांत वसूल. येते ना ती दर आठवड्याला?"

"न चुकता."

"नशीबवान आहात. माझी तर फोनसुद्धा उचलत नाही."

मोठा पास घेऊन बाहेर आले.

११ मार्च, बुधवार

बारा युरो. नसलेल्या मैत्रिणीसाठी. गाढव आहेस तू, वीबके.

१४ मार्च, शनिवार

पैसे गेलेच आहेत तर ते वसूल करायचे. बाकी काही नाही. इम्केला फोन केला. पंधरा वर्षं तिने माझ्या स्कूलचे हिशोब पाहिले. दर शुक्रवारी दुपारी आम्ही ऑफिसात केक खायचो.

"ट्रामने? कुठे?" ती म्हणाली.

"कुठेही. तुला फुकट आहे."

"अगं, पण जायचंय कुठे? आणि शनिवारी नातवंडं असतात माझ्याकडे. तू ये ना ओल्डनबुर्गला! अरे हो, तुझी गाडी... असं कर, उन्हाळ्यात बघू."

मागे पोरं किंचाळत होती. मी म्हटलं, बघू. मग दोघी-तिघींचे नंबर काढले, पण त्यांना काय म्हणून फोन करायचा? एकतीस वर्षांत शेकडो माणसं माझ्या शेजारी बसली आणि लायसन्स मिळाल्या दिवशी उतरून गेली. तीच तर त्या धंद्याची रीत.

दुपारी एकटीच जाऊन आले. फेरी अर्धी वाया.

२१ मार्च, शनिवार

आज एक युक्ती केली. थांब्यावर यंत्रापाशी उभं राहायचं, आणि कुणी पाकीट काढलं की म्हणायचं, "थांबा, माझ्या पासवर चला. फुकट."

पहिला एक तरुण. त्याने कानातली गाण्याची बोंडं काढली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बदल्यात काय?"

"काही नाही."

"असं कुणी करत नाही," म्हणाला आणि तिकीट काढलं.

दुसरी बाई मला धर्मप्रचारक समजली. "माझा विश्वास नाही," म्हणत दोन पावलं मागे सरकली. तिसरं एक कुटुंब. नवरा, बायको आणि बायकोची आई. माझ्या पासवर एकच मोठं माणूस चालतं, म्हणून कुणाला फुकट न्यायचं यावर त्यांच्यात वाद लागला. सासूबाई म्हणाल्या, "मला कशाला, मी काय भिकारीण आहे?" तेवढ्यात ट्राम निघून गेली आणि तिघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पायीच घरी आले.

२२ मार्च, रविवार

मिळाली!

वाल्लर रिंगच्या थांब्यावर एक म्हातारी वेळापत्रकासमोर उभी होती. लठ्ठ, काठी, तपकिरी कोट. एक हात खिशात घातलेला. पाकीटच काढतेय असं पाहून मी झटकन म्हटलं, "तिकीट काढू नका. माझ्या पासवर चला, आज फुकट आहे."

तिने मान तिरकी केली. "कुठवर?"

"तुम्हाला जायचंय तिथवर."

"आणि मला कुठेच जायचं नसेल तर?"

"मग शेवटच्या थांब्यापर्यंत."

तिने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "चला," म्हणाली. "कुणी फुकट नेतंय तर आपण नाही का म्हणावं."

हेड्डा ल्यूर्स नाव. वय सत्याहत्तर. सगळं आयुष्य थिएटरात काढलं, पण रंगमंचावर नाही, बाहेर प्रेक्षकांचे कोट सांभाळायला. "नाटकं मी भिंतीतून ऐकली," म्हणाली. "पण माणसं कोटावरून ओळखते. तुमचाच बघा. लोकर उत्तम, घेताना दहा दुकानं फिरलेल्या दिसता. आणि बटण चुकीच्या काजात."

खरंच होतं. मी बटण नीट लावलं.

तिचं एका बाजूचं भाडं वाचलं, येतानाचंही. बारा युरोंतले बरेचसे एका दिवसात वसूल.

२९ मार्च, रविवार

कालही भेटलो, आजही. काल तिचाच हट्ट म्हणून सहा नंबरने विमानतळावर गेलो. उडायचं नाही, उतरायचं नाही, नुसती आलेल्यांच्या दाराशी बसून कॉफी. ल्यूर्सबाईंना माणसं एकमेकांना भेटताना बघायला आवडतं. "हा बघा, फुलं आणलीत पण किमतीची चिठ्ठी काढलेली नाही. ही बाई नवऱ्याला शोधतेय आणि सापडू नये म्हणून देवाची प्रार्थनाही करतेय." मला इतकं बारीक दिसत नव्हतं. उजेड मागून येत होता. पण मी हसले.

परतताना ट्राम वळणावर वेगात आली.

"तुमचा पाय काय करतोय?" त्यांनी विचारलं.

"ब्रेक लावतोय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ट्राम चालकच थांबवतो."

तिकीट तपासनीस चढला. मी पास पुढे केला आणि ठणकावून सांगितलं, "आणि या माझ्याबरोबर आहेत." तो त्यांच्याकडे बघून "मोइन" असा इथला नमस्कार करत म्हणाला, "ल्यूर्सबाई, आज दिमाखात?" आणि पुढे गेला. अर्ध्या ब्रेमेनचे कोट त्यांनी टांगलेत, ओळखणारच लोक.

५ एप्रिल, ईस्टर

अंडी उकडली. एकटीपुरती उकडायची सवय होती, आज चार. फाल्केनबेर्गच्या शेवटच्या थांब्यावर बाकावर बसून खाल्ली. ल्यूर्सबाईंनी मीठ कागदाच्या पुडीत आणलं होतं आणि बेदाण्याचा पाव. ऊन होतं, वारा बोचरा होता. तासभर बसून राहिलो. ट्राम यायची, चालक उतरून पाय मोकळे करायचा, पुन्हा घेऊन जायचा. आम्ही म्हणायचो, पुढचीने जाऊ.

त्या म्हणाल्या, "तुमचं कुणी नाही का?"

"आहे की. इम्के आहे, मार्टेन आहे."

"हं."

"आणि तुमचं?"

"मुलगा आहे व्हँकुव्हरला. रविवारी फोन करतो. आमच्या रात्री, त्याच्या सकाळी. मी झोपाळलेली, तो घाईत."

परतताना त्यांचा निरोप घेऊन वाल्लर रिंगला उतरले तेव्हा एका उंच माणसाला माझा धक्का लागला. मी माफ करा म्हटलं, त्याने उत्तरसुद्धा दिलं नाही. ईस्टरच्या दिवशी! हल्ली ब्रेमेनमध्ये रीतभात उरलेली नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

पास संपला. खिडकीत तीच बाई. "मोठाच ना? मैत्रीण येते ना अजून?"

"येते," मी म्हटलं. या वेळी खोटं नव्हतं.

हिशोब मांडला तर मोठा पास सरळसरळ फायद्याचा आहे. भावनेचा यात प्रश्नच नाही.

१५ एप्रिल, बुधवार

बँकेतून येताना डोम्सहाइडेच्या थांब्यावर माझी ट्राम उभी होती आणि शेजारी उलट दिशेची. त्यात काचेपलीकडे तपकिरी कोट, काठी. ल्यूर्सबाईच, दुसरं कोण! भर बुधवारी सकाळी! मी काचेवर टकटक केली, पण ट्राम हलली. आठवड्याच्या मधल्या दिवशी सुटी तिकिटं काढून फिरतात की काय? त्यांच्या पेन्शनमध्ये परवडतं कसं? नऊनंतरच्या पासाबद्दल त्यांना समजावून सांगायला हवं. कुणी नीट सल्ला देणारं नाही त्यांना.

२३ एप्रिल, गुरुवार

आज अक्षर वाईट येणार.

बाजारातून येत होते. दुपारची वेळ, गर्दी. पुढच्या दाराजवळ ल्यूर्सबाईंचा आवाज आला, कुणाला तरी जागा द्या म्हणत होत्या. मी हाक मारणार तोच मागून "तिकिटं दाखवा" ऐकू आलं.  गुरुवार, दुपार! आज माझ्या पासवर त्या चालणार नाहीत. आणि माझ्यामुळेच त्यांना फुकट बसायची सवय लागली.

मी माणसांतून वाट काढत पुढे गेले. "थांबा! या बाईंचा दंड मी भरते. चूक माझी आहे. म्हाताऱ्या आहेत, त्यांना दिवस कळला नसेल."

सगळा डबा वळून बघायला लागला. तपासनीस म्हणाली, "कसला दंड, बाई?"

ल्यूर्सबाईंनी हातातलं कार्ड माझ्या डोळ्यांसमोर धरलं. हिरवं-केशरी. अपंगांचं कार्ड. शहरात कुठेही, कधीही फुकट जायची मुभा.

"केव्हापासून आहे हे?" मी विचारलं.

"अकरा वर्षं झाली. दोन्ही गुडघ्यांत लोखंड आहे."

पुढच्याच थांब्यावर मी उतरले. त्याही मागोमाग उतरल्या, काठी आपटत. मी म्हटलं, "दर शनिवार-रविवार मी तुम्हाला माझ्या पासवर नेत होते!"

"हो ना. आणि काय थाटात! मला इतक्या थाटात आजवर कुणी कुठे नेलं नव्हतं."

"मला वेड्यात काढलंत."

"तुम्हाला कुणीतरी हवं होतं न्यायला. मला कुणीतरी नेणारं हवं होतं. यात वेडं कोण?"

"मला कुणाची दया नको आहे, ल्यूर्सबाई."

"दया!" त्या ओरडल्याच. "स्वस्त तिकिटाच्या एवढ्या गप्पा मारता ना? सगळ्यात स्वस्त हे आहे. तुम्हालाही मिळेल. डोळ्यांसाठी. अर्ज करा."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

त्यांनी कार्ड खिशात ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ओनकेनबाई, ईस्टरला तुम्ही दिव्याच्या खांबाची माफी मागितलीत. मी ट्राममधून बघत होते."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. फार वाईट बोलले. त्या कोट सांभाळायच्या, लोकांच्या खिशात डोकवायची सवय आहे, असं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं, वळल्या आणि गेल्या.

२४ एप्रिल, शुक्रवार

जाऊन खांब पाहिला. हात लावून पाहिला. माणसाएवढा रुंद नाही. हिवाळी कोट घातलेला सडपातळ माणूस वाटू शकतो.

२६ एप्रिल, रविवार

दोन्ही दिवस घरी. पास पिशवीत पडून.

११ मे, सोमवार

नऊनंतरचा पास घेतला. फोटो काढला. खिडकीतल्या बाईने काही विचारलं नाही, नुसता शिक्का मारला. बारा युरो वाचले. पहिल्या दिवशी हेच करायला हवं होतं.

घरी येऊन त्या बारा युरोंचं काय करावं याचा विचार करत बसले. काही सुचलं नाही.

१७ मे, रविवार

काल दिवसभर कुणाशी बोलले नाही. आज दुपारी बेकरीत "दोन पाव द्या" म्हणताना घसा बसलेला निघाला.

माझ्याकडे त्यांचा फोन नंबर नाही, पत्ता नाही. कधी लागलाच नाही. थांब्यावर यायचं, त्या असायच्याच.

२० मे, बुधवार

ट्राममधला आवाज पुढचा थांबा सांगतो, पण बाहेर उभं असताना येणारी ट्राम कुठली ते कोण सांगणार? कपाळावरचा आकडा म्हणजे मला एक पिवळा डाग. आज दहा नंबरच्या ऐवजी तीनमध्ये बसले आणि वेझरच्या बंधाऱ्यापाशी जाऊन पोचले. उतरल्यावर एका मुलीला विचारलं, "ही तीन आहे का?"

"लिहिलंय की केवढं मोठं," ती म्हणाली. उद्धटपणे नाही. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

नदी दिसली. मधोमध नाही दिसली, कडांनी दिसली. रेघाही आता अशाच दिसतात, मधेच पाण्यात बुडाल्यासारख्या. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर खरं होईल.

बंधाऱ्यावर बराच वेळ उभी राहिले. एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं की दिसत नसेल तर वेग कमी करा, आणि काही झालं तरी अंदाजाने पुढे जाऊ नका. ऐकायची नाहीत. मी त्यांना नापास करायचे.

२७ मे, बुधवार

आधी डॉक्टर फेल्टमान. मग त्यांचा कागद घेऊन कचेरी. एकटीच गेले. अर्ज घेणाऱ्या माणसाने प्रश्न वाचून दाखवले, मी उत्तरं दिली. आरशात स्वतःचा चेहरा दिसतो का? कडेने, म्हटलं. रस्त्यात ओळखीचं माणूस ओळखता येतं का?

या प्रश्नाशी मी अडकले. ओळखीचं माणूस भेटतच नाही, मग सांगू काय?

"नाही," म्हटलं. त्याने लिहून घेतलं. कार्ड यायला काही आठवडे लागतील. आलं की सगळं जवळजवळ फुकट. याहून स्वस्त काही नाही. बाहेर पायऱ्यांवर बसून चांगली रडले. एक बाई कागदी रुमाल देऊन गेली. तरुण की म्हातारी, सांगता येणार नाही.

३० मे, शनिवार

ल्यूर्सबाईंना शोधायला गेले. लिहायलाही लाज वाटते, पण गेले. सहा नंबरच्या चार ट्राम मध्यापासून विमानतळापर्यंत आणि परत. प्रत्येक डब्यातून पुढून मागे चालत गेले, दांड्या धरत. तपकिरी कोट शोधत होते, पण आता मे संपतोय, कोट कुणाच्याच अंगावर नाहीत. चेहऱ्यांच्या जागी नुसते फिकट गोळे. काठ्या दोन दिसल्या, एक छत्री निघाली. कुणी हाक मारली नाही.

त्या नव्हत्या. किंवा त्यांनी सहा नंबर सोडून दिली असेल. माझ्यासारखीला टाळायला मीही सोडली असती.

६ जून, शनिवार

आज जे केलं ते या शहरात शहाणं माणूस करत नाही.

पुन्हा सहा नंबर. दुसऱ्या ट्राममध्ये मी पुढच्या दाराशी उभी राहिले, दांडा घट्ट धरला आणि वर्गातल्या आवाजात म्हटलं, "माफ करा. ल्यूर्सबाई इथे आहेत का? हेड्डा ल्यूर्स?"

ब्रेमेनच्या ट्राममध्ये मुळात कुणी बोलत नाही, आता तर श्वासही ऐकू येईना. कुठेतरी एक पोरगी फिस्सकन हसली. "बाई, बरं वाटतंय ना?" एका पुरुषाने विचारलं. मी म्हटलं, वाटतंय, आणि पहिली रिकामी सीट सापडली तिच्यात बसले.  पहिल्या ट्राममध्येही असंच केलं होतं, तिथेही हेच. ठरवलं, पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि पुन्हा नाही.

शेजारची सीट दबली. कुणीतरी जोरात धापा टाकत बसलं.

"काय ओरडतेस गं," आवाज आला. "तिकडून इथवर यायला मला वेळ नको का? गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत."

मी आवाजाकडे वळले.

"मागच्या शनिवारीही मी होते," हेड्डा म्हणाली. "दाराजवळच्या सीटवर. तू माझ्या पुढ्यातून गेलीस, इतक्या जवळून की तुझी बाही माझ्या नाकाला लागली. माझ्याकडे पाहिलंस आणि पुढे गेलीस. म्हटलं, ठीक आहे. ओनकेनबाईंना ओळख ठेवायची नाही. आज आवाज ऐकला तेव्हाही मी आधी बसूनच राहिले होते, खोटं कशाला सांगू."

"मला दिसली नाहीस."

"मी? एवढी?"

"दिसलीस. पण तू आहेस हे दिसलं नाही. हेड्डा, मला चेहरे दिसत नाहीत. कुणाचेच नाहीत."

हे मी आजवर डॉक्टरांना आणि अर्ज घेणाऱ्या माणसाला सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. ट्राम पुलावरून चालली होती, खाली पाणी असणार. 

"खांबाचं मी असं बोलायला नको होतं," ती म्हणाली.

"मी कोटांचं बोलायला नको होतं."

"ते लागलं."

"माहीत आहे."

मग तिने काठी दोन पायांत धरली, माझ्याकडे सरकली आणि माझ्या कानाशी हळूच सुरू केलं. "समोर नवरा-बायको. ती दुकानातून काय काय आणलं ते मोजतेय, तो झोपेचं सोंग करतोय, पण पापण्या हलतात. त्यांच्या मागे एक लांब मानेचा मुलगा, दाढी येत नाहीये आणि त्याचं त्याला फार दुःख आहे. दाराशी एक बाई, नवीन चपला, टाचेला फोड. खिडकीजवळ एक म्हातारा मघापासून तुझ्याकडेच बघतोय. तू ओरडलीस ते त्याला आवडलेलं दिसतंय. चिंता नको, कोट वाईट आहे."

"जूनमध्ये कोट?"

"म्हणून तर."

मी हसले. विमानतळ येईपर्यंत तिने अख्खा डबा मला सांगितला, एकेक माणूस. सगळे झाल्यावर थांबली.

"आणि तू?" मी विचारलं. "तू कशी दिसतेस?"

 आपण तिला हे विचारायला नको होतं, असं मला वाटू लागलं.

"दमलेली," ती म्हणाली. "डोळ्यांखाली काळं. वजन जरा उतरलंय, पण ते कुणाला कळणार नाही. केस मात्र आज सकाळीच धुतलेत."